आठ आठवड्यांत सतरा पाउंड: बारीक क्वार्टरबॅक ड्राफ्टआधी खरंच अंग धरतो का?

मिशिगनवाला
ड्राफ्टमध्ये NFL च्या, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या, टीम कॉलेजची पोरं क्रमाने उचलतात. त्यातल्या बारीक क्वार्टरबॅकबद्दल (बॉल फेकून डाव चालवणारा) परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, 'पोरगा बारीक आहे म्हणून काय झालं? ड्राफ्टआधी दोन महिने दाबून खायचं, जिममध्ये घाम गाळायचा, झाला २२० चा. मॅकार्थीने केलंच की.' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमच्या यादीत २०२ पाउंड होता. ८ जानेवारी २०२४ ला कॉलेजची फायनल जिंकला आणि मार्च लागता लागता इंडियानापोलिसला कम्बाइनच्या (ड्राफ्टआधी सगळ्या टीमसमोर होणारी चाचणी) काट्यावर २१९ भरला. NFL च्या वायकिंग्जनी ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर उचलला. पण वर्षानुवर्षं कसलेल्या शरीरावर आठ आठवड्यांत एवढा निव्वळ स्नायू चढत नाही. महिन्याला एक-दोन पाउंड चढले तरी खूप झाले. बाकी वाढ कुठून येते? सीझनमध्ये झडलेलं वजन परत येतं. क्रिएटीनची पावडर घेतली की स्नायू पाणी धरतात. भात-बटाटे वाढवले की ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, वाढतं, आणि ते एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन बसतं. वर थोडी चरबी. काट्याला हे सगळं सारखंच. क्वार्टरबॅकला पाडायला धावणारा २६० पाउंडांचा एज रशर बरगडीत घुसतो तेव्हा सारखं नसतं.

रविवार_दुपार
तुम्ही शरीरशास्त्र शिकवताय, ड्राफ्ट हा बाजार आहे. क्वार्टरबॅक ब्राइस यंग अलाबामा युनिव्हर्सिटीच्या यादीत १९४ होता. २०२३ च्या कम्बाइनला २०४ भरला, तिथे एक बॉल फेकला नाही. प्रो डेला, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या चाचणीला, फेकले, पण काट्यावर चढला नाही. पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधी २०१९ ला कायलर मरे, २०७, तोही पहिला. दोघंही पाच फूट दहा. दोनशेचा आकडा ओलांडायचा होता, ओलांडला. वाढवता येतं का, तर येतं. विषय संपला.

मिशिगनवाला
आणि यंगचं पुढे काय झालं? पहिल्या सीझनला ६२ सॅक, म्हणजे बॉल हातात असतानाच ६२ वेळा पाडला, दुसऱ्या सीझनला दोन मॅच झाल्या आणि बाकावर.

रविवार_दुपार
त्याला वाचवणाऱ्या लाइनला भगदाडं पडली होती म्हणून! २००२ मध्ये टेक्सन्सचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार ७६ वेळा आडवा झाला, तो काय काडी होता? त्याच्या टीमने, कॅरोलायनाने, २०२४ ला लाइनसाठी गार्ड विकत घेतले, यंग परत आला आणि सीझनच्या उत्तरार्धात चांगला खेळला. तेव्हा काय वीस पाउंड वाढवून आला होता?

जर्सीची_आई
तुमचं चालू द्या, पण मला बोलायचंय. माझा मुलगा हायस्कूलला सोफमोर, म्हणजे दहावीला, क्वार्टरबॅक. कोचने जूनमध्ये सांगितलं, ऑगस्टपर्यंत पंधरा पाउंड वाढव. झालं. रात्री साडेअकराला ब्लेंडर सुरू. सहा अंडी, पीनट बटर, अख्ख्या दुधाचे दोन ग्लास, पावडर मापाने नाही, मुठीने. एका रात्री सिंकमध्ये सगळं उलटलं. मी पाठ चोळतेय, आणि हा तोंड धुऊन पुन्हा अंड्यांचा खोका काढतोय. 'आई, आज पुरं व्हायला पाहिजे.' पंधरा वर्षांचं पोर! 'दोन महिने दाबून खा' हे असलीच पोरं वाचतात, एवढं ध्यानात ठेवा.

सांगलीकर_डॅलस
ताई, राग मानू नका, पण आजकालच्या आया फार घाबरतात. माझे आजोबा तालमीत वाढले. पहाटे चारला जोर-बैठका, नंतर बदामाची थंडाई, दूध-तूप. चौदाव्या वर्षी घर सोडून तालमीत राहायला गेले. कुणी पाठ चोळायला नव्हतं.

जर्सीची_आई
तुमच्या आजोबांना कुठल्या वस्तादाने सांगितलं होतं की आठ आठवड्यांत अंग भर? वर्षानुवर्षं मातीत लोळून ते शरीर झालं. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आणि तेच माझ्या तोंडावर फेकताय. आणि आयांवर घसरायचं कारण काय? रात्री सिंक तुम्ही पुसत नाही.

सांगलीकर_डॅलस
वर्षं लागली, बरोबर. पण खुराक पोटाला झेपेपर्यंत खायचा असतो आणि पोट सरावाने तयार होतं. उलटी झाली म्हणून आभाळ कोसळत नाही.

फिलीतली_फिजिओ
काका, उलटी म्हणजे सराव नव्हे. कुस्तीचंच काढलंत म्हणून सांगते. १९९७ च्या शेवटी इथे सव्वा महिन्यात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना गेले, एक याच मिशिगन युनिव्हर्सिटीचा. त्यानंतर नियम आले. आता हायस्कूलच्या मुलाची आधी लघवी तपासतात, पाणी कमी नाही ना बघतात, मुलांसाठी सात टक्के चरबीची खालची मर्यादा आहे. वजन उतरवण्यावर एवढा पहारा. चढवताना? कोच तोंडाने आकडा सांगतो आणि घरी जातो. माझ्याकडे पोरं येतात, जांघेचा स्नायू ओढला गेलेला, कंबर धरलेली. तीन महिन्यांत शरीर जड झालं, पळायची सवय जुन्याच वजनाची.

रविवार_दुपार
हायस्कूलचं आणि ड्राफ्टचं एकत्र करू नका. व्यावसायिकाला वजनाचा फायदा होतो. मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ बघा. २०२२ ला डोक्याला मार बसून बसून करिअर संपायची वेळ आली. मग अंग कमावलं, पडायचं कसं हे शिकायला जुजित्सू केलं, २०२३ ला सतराच्या सतरा मॅच आणि बॉल फेकून ४,६२४ यार्ड. त्यात लीगमध्ये पहिला.

मिशिगनवाला
ड्राफ्टनंतर तीन वर्षांनी! अख्खा ऑफसीझन हाताशी, टीमचा आहारतज्ज्ञ, पडण्याचं वेगळं शिक्षण. मी हेच सांगतोय. वेळ द्या, अंग बसतं. जानेवारी ते मार्च ही वेळ नव्हे.

सांगलीकर_डॅलस
आणि मॅकार्थीचा गुडघा पहिल्याच ऑगस्टला गेला, वर्ष वाया. वाढवलेल्या वजनानेच गेला असणार.

रविवार_दुपार
मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, वजन विचारून फाटत नाही हो. मरेचा गुडघा २०२२ ला कुणी हात न लावता गेला, तो लीगमधल्या सर्वांत छोट्या क्वार्टरबॅकपैकी एक.

मिशिगनवाला
गुडघ्यापुरतं तुमचं बरोबर. पण ऑपरेशननंतर मॅकार्थीचं वजन उतरलं आणि पुन्हा कमवावं लागलं, तेही बघा. २१९ हा त्या एका सकाळचा आकडा होता.

रविवार_दुपार
त्या एका सकाळीच दहावा क्रमांक ठरतो. माझा मुलगा त्या जागी असता तर मी त्याला काट्यावर चढण्याआधी पोटभर पाणी पाजलं असतं. तुम्हीही पाजलं असतं.

मिशिगनवाला
पाजलं असतं. पण त्याला स्नायू म्हटलं नसतं.

जर्सीची_आई
फिजिओताई, कोचला काय लिहू तेवढं सांगा. बाकीचं तुम्ही भांडत बसा.

फिलीतली_फिजिओ
लिहा, ऑगस्टचा आकडा आम्ही धरणार नाही. आठवड्याला अर्ध्या पाउंडाच्या वर नको, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पावडर नको, आणि रात्री दहानंतर ब्लेंडर बंद. कोच काय म्हणतो ते कळवा, पुढचं पत्र मी लिहून देते.