ब्लॉक करा म्हणे! वन बीएचकेत राहून दाखवा

घोडबंदरची_सून: काल इथे एकाने उपदेश केलाय, "मनःशांती बिघडवणारे नातेवाईक ब्लॉक करा, खुलासे देत बसू नका." खाली टाळ्याच टाळ्या. बाबा रे, आमच्याकडे सासूबाई हॉलमध्ये झोपतात. रात्री पाणी प्यायला उठलं तरी त्यांचा पाय चुकवून जावं लागतं. कुणाला ब्लॉक करू? सासरे गेल्यावर त्या जाणार कुठे?

ऐरोली_नाइटशिफ्ट: सासू परवडली, मॅनेजर नको. रात्री अकराला "दोन मिनिटं आहेत का?" फ्रान्समध्ये 2017 पासून, ऑस्ट्रेलियात 2024 पासून कामानंतर संपर्काबाहेर राहायचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी खासगी विधेयक मांडलं, कायदा काही झाला नाही.

निवृत्त_वाशीकर: हक्कांचं कौतुक पुरे. मुलीने घराची डुप्लिकेट किल्ली परत मागितली! "बाबा, फोन करून येत जा." ट्रान्स-हार्बर लोकलने अळूवड्यांचा डबा सांभाळत जायचो मी.

माजिवडेकर: बरं केलं तिने. माझी आई बेल न वाजवता यायची, बायकोचं कपाट लावून जायची. बायकोने अबोला धरला, तोही माझ्याशी.

निवृत्त_वाशीकर: मी कपाटाला हात लावत नाही. डबा फ्रीजमध्ये ठेवतो आणि निघतो.

घोडबंदरची_सून: म्हणजे फ्रीज उघडता. आत काय शिळं आहे तेही बघत असाल.

निवृत्त_वाशीकर: तीन दिवसांची आमटी होती, सांगायचं नाही?

माजिवडेकर: काका, संपला विषय 😂

कळव्याची_समुपदेशक: "नऊनंतर फोन करू नकोस" हा झाला हुकूम. "नऊनंतर मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते" ही सीमा. दुसऱ्याने काय करावं ते आपल्या हातात नसतं. झोपच उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 ला फोन करून बोला, पैसे पडत नाहीत.

घोडबंदरची_सून: दुसरी खोली!! वरचं वाचलंत तरी का?

निवृत्त_वाशीकर: म्हणजे आता मला ठाण्याला टाकणार?

माजिवडेकर: हा विनोद बंद करा. शाळेपासून ऐकतोय, ठाणेकर म्हटलं की मनोरुग्णालय. अशा टिंगलीपायीच लोक डॉक्टरकडे जायचं टाळतात.

कोपरीचा_पक्या: ती पोस्ट माझी. घटस्फोटानंतर आत्या दर रविवारी फॅमिली ग्रुपवर स्थळं टाकायची, वर "याला समजवा रे कुणीतरी." ब्लॉक केलं, झोप लागायला लागली. सासूला ब्लॉक करा असं मी कुठे म्हटलंय? किल्लीसाठी वेगळा धागा काढा.

घोडबंदरची_सून: आत्याचं मान्य. पण हे पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

निवृत्त_वाशीकर: मुलीला आज फोन केला. म्हणाली, रविवारी या. आमटी ताजी आहे, असंही म्हणाली. टोमणाच तो.