घोड्याच्या दम्यावर ॲलर्जीची गोळी का चालत नाही?

प्रश्न
माझी घोडी चौदा वर्षांची आहे. सुकं गवत खाताना ठसकते, नुसती उभी असली तरी नाकपुड्या फुगतात, श्वास सोडताना पोट जोर लावतं. डॉक्टरांनी दमा सांगितलाय. ॲलर्जीत शरीरात सुटणारं हिस्टामीन हे रसायन श्वासनलिका आवळतं असं वाचलं. मग मी घेतो तशी ॲलर्जीची गोळी तिला का चालू नये? तिचे हाल बघवत नाहीत.

उत्तर
घोड्यांवरच उपचार करतो, म्हणून सविस्तर लिहितो. हिस्टामीन आवळतं हे खरं आहे. ते मास्ट पेशींतून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींतून) सुटतं, श्वासनलिकेच्या स्नायूवरच्या एच१ ग्राहीला, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागेला, चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आखडतो. पण हे काम ते एकटं करत नाही. सेरोटोनिन आणि ल्यूकोट्राइन डी४ ही रसायनंसुद्धा हाच स्नायू आखडवतात. सगळ्यांत मोठा वाटा व्हेगस मज्जातंतूच्या टोकांतून सुटणाऱ्या ॲसिटाइलकोलीनचा, आणि त्याची ग्राही वेगळी, एम३. धाप लागलेल्या घोड्याला शिरेतून ॲट्रोपिन, म्हणजे ॲसिटाइलकोलीनला अडवणारं औषध, दिलं की थोड्याच वेळात श्वास मोकळा होतो. अँटिहिस्टामीनने, म्हणजे फक्त हिस्टामीनला अडवणाऱ्या तुमच्या ॲलर्जीच्या गोळीने, असं होताना मी पाहिलेलं नाही. एक दार बंद करून बाकीची उघडी ठेवल्यासारखं होतं ते.

ॲट्रोपिन मात्र स्वतःहून देऊ नका! आतड्याची हालचाल थांबून पोटशूळ उठतो, आणि घोड्यात तो जिवावर बेततो.

शिवाय तीव्र दम्यात फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात. मास्ट पेशी वाढलेल्या दिसतात त्या सौम्य प्रकारातल्या काही घोड्यांत.

प्रश्नकर्ता
मग हिस्टामीन हुंगवून तपासणी करतात ती कशासाठी?

उत्तर
नलिका किती चिडकी झालीय ते कळायला. निरोगी घोड्याला काही होत नाही एवढ्या कमी मात्रेतही अशा घोड्याची नलिका आवळते. हिस्टामीन तिथे फक्त मोजमापाचं साधन. तुमच्या घोडीला उभ्या-उभ्याच श्वासाचा त्रास होतोय, तर तिला या चाचणीची गरजही नाही आणि ती करूही नये.

आणखी एक उत्तर
माझ्या घोड्याला हाच आजार आहे. क्लेनब्युटेरॉल या औषधाने नलिका सैल पडते, पण सूज तशीच राहते, आणि एकटंच देत राहिलं तर त्याचा गुण ओसरतो. सूज स्टेरॉइडने उतरते. मूळ कारण गवतातली बुरशी आणि धूळ. आम्ही गवत पाण्यात बुडवून, ओलं असतानाच घालतो. सुकलं की धूळ पुन्हा उडते. झाडलोट घोडा बाहेर असतानाच करतो. शेजारच्या ठाणातलं गवतही बदला, धूळ तिथूनही येते.