सरावणे, सोकावणे, माणसाळणे की उत्क्रांत होणे?

विचारणा

जुन्नर परिसरातील उसात राहणाऱ्या बिबट्यांविषयी शाळकरी मुलांसाठी एक माहितीपत्रक तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्याच्या मसुद्यात असे वाक्य आहे : 'पिढ्यान्‌पिढ्या उसात राहून बिबट्या आता उत्क्रांत झाला असून तो माणसाळला आहे.' ही दोन्ही क्रियापदे मला खटकतात, पण त्यांच्या जागी काय योजावे हे सुचत नाही. 'त्याचे अनुकूलन झाले आहे' असे लिहिले तर चालेल का? पत्रकाच्या शीर्षकात 'मानव-बिबट संघर्ष' असा शब्दप्रयोग आहे, त्याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. 'उत्क्रांत' हा शब्द येथे चुकीचाच आहे. उत्क्रांती एका प्राण्याची होत नाही, ती प्राणिसमूहाची होते, आणि नैसर्गिक निवडीने ती घडायला तीन गोष्टी लागतात : समूहातील प्राण्यांमध्ये काही भेद असावा लागतो, तो भेद आनुवंशिक असावा लागतो आणि त्या भेदामुळे काहींची पिल्ले अधिक जगावी लागतात. उसात जन्मलेला बिबट्या ट्रॅक्टरच्या आवाजाने बिचकत नाही, हे तो स्वतःच्या आयुष्यात शिकलेला असतो. कालव्याचे पाणी आले आणि त्यामागोमाग ऊस पसरला, याला काही दशकेच झाली आहेत, आणि तेवढ्या काळात त्या भागातील बिबट्यांची आनुवंशिक घडण बदलली असे म्हणायला आधार हवा.

'उत्क्रांती' नेमकी कोठे शोभते, याचे उदाहरण मोझांबिकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात सापडते. तेथील यादवी युद्धाच्या काळात (१९७७ ते १९९२) हस्तिदंतासाठी एवढी शिकार झाली की उद्यानातील नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती नाहीसे झाले. सुळे असलेले हत्ती आधी मारले गेले आणि ज्या माद्यांना जन्मतःच सुळे नव्हते त्या मागे उरल्या. युद्धापूर्वी अशा माद्यांचे प्रमाण १८.५ टक्के होते, ते युद्धानंतर ५०.९ टक्क्यांवर गेले. हे लक्षण क्ष (X) गुणसूत्राशी जोडलेले असून आईकडून मुलीकडे येते आणि नर गर्भाला ते बहुधा घातक ठरते, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. बिनसुळ्यांचा नर तेथे जवळजवळ दिसत नाही, त्याचे कारण हेच. कोणत्याही हत्तिणीने विचारपूर्वक सुळे टाकून दिले नाहीत, तरीही कळप बदलला. (जाता जाता : आपण 'हत्तीचे सुळे' म्हणतो खरे, पण शरीररचनेच्या दृष्टीने ते पटाशीचे दात आहेत. माणसाचे सुळे ते सुळे आणि हत्तीचे सुळे ते दात, अशी आपल्या शब्दांची गंमत आहे.)

'उत्क्रांती' या शब्दातील 'उत्' आपल्याला वर चढण्याचा भास करून देतो, हीसुद्धा एक अडचण आहे. वेदान्तात हाच शब्द प्राणाने देह सोडून जाण्यासाठी येतो, तो अर्थ आज कोणाच्या मनात नसतो, पण 'वर' मात्र शिल्लक राहतो. सुळे नसलेली हत्तीण काही वरच्या पायरीवर गेलेली नाही, उलट झाडाची साल सोलायला आणि पाण्यासाठी जमीन उकरायला लागणारे हत्यार तिने गमावले आहे.

'अनुकूलन' मी टाळेन, कारण शालेय पुस्तकांत हा शब्द उंटाच्या पायाच्या ठेवणीसाठीही येतो आणि थंड हवेची सवय होण्यासाठीही येतो, त्यामुळे आपल्याला जो फरक दाखवायचा आहे तोच त्यात बुडून जातो.

दुसरा प्रतिसाद

मी आंबेगाव तालुक्यातील आहे. आमच्याकडे जुनी माणसे बिबट्याला सरळ 'वाघ' म्हणतात आणि त्याच्या वागण्यासाठी त्यांच्याकडे दोन वेगळी क्रियापदे आहेत. मोटारीचा उजेड अंगावर पडूनही जो शांतपणे बांध ओलांडून जातो, तो 'सरावलेला'. जो एकदा गोठ्यातून शेळी उचलून नेतो आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच गोठ्याशी येतो, तो 'सोकावलेला'. पहिल्याची भीती कमी झालेली असते, दुसऱ्याला फायदा कळलेला असतो. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण तिच्यातील क्रियापदाची धार या ठिकाणी विशेष जाणवते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा, त्यातही कुत्र्यांचा, वाटा सर्वांत मोठा होता. एवढी दाटी असूनही माणसांवर हल्ले होत नव्हते. याउलट जुन्नर वनविभागात फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका सुरू झाल्यावर, आधी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले सरासरी सतरावर गेले. आपल्या मुलखाला सरावलेले जनावर उचलून अनोळखी ठिकाणी टाकले की ते तेथे सरावलेले राहत नाही, असे मी त्याचे मराठी करीन. 'सरावलेला' आणि 'सोकावलेला' यांत फरक न करता दोघांनाही पिंजरा लावायचा, ही चूक आधी भाषेत होते आणि मग रानात होते, असे माझे मत आहे.

'माणसाळला' हा शब्द मात्र पत्रकात नकोच. तो वाचून एखादा मुलगा पिल्लू उचलून घरी आणील. ऊसतोडीच्या दिवसांत सरीत पिल्ले सापडतात, तेव्हा ती सापडली त्याच जागी ठेवून आई त्यांना न्यायला येईल अशी व्यवस्था वनखाते करते.

तिसरा प्रतिसाद

'माणसाळणे' याचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. पकडून शिकवलेला हत्ती माणसाळलेला असतो, पण त्याचे पिल्लू जन्मतः रानटीच असते, आणि म्हणूनच हजारो वर्षे माणसांजवळ राहूनही हत्ती ही जात गाईसारखी पाळीव झाली नाही. दुसरीकडे, सायबेरियात नोवोसिबिर्स्क येथे १९५९ पासून दिमित्री बेल्यायेव यांनी दर पिढीतील सर्वांत कमी बुजणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली. काही पिढ्यांतच शेपूट हलवणारी पिल्ले जन्माला येऊ लागली आणि काहींचे कानही लोंबते झाले. तेथे वंशच माणसाळला. उसातील बिबट्याच्या बाबतीत यांपैकी कोणताही अर्थ लागू नाही. पिंजऱ्यात धीट बिबटेच सतत अडकत राहिले आणि धीटपणा अंशतः जरी आनुवंशिक असला, तर काही पिढ्यांनी बुजऱ्यांचे प्रमाण वाढेल, आणि तेव्हा 'उत्क्रांती' हा शब्द वापरता येईल. गंमत अशी, की तो बदल मसुद्यातील वाक्याच्या नेमका उलट दिशेने झालेला असेल.

'संघर्ष' राहू द्यावा. त्याचा मूळ धातू घासण्याचा आहे, आणि एकाच बांधावर दोघांचे जाणे-येणे असले की घर्षण होणारच. डार्विनच्या 'स्ट्रगल फॉर एक्झिस्टन्स'साठी जुन्या मराठी लेखकांनी योजलेला 'जीवनकलह' येथे आणू नये, कारण त्यात वैर आहे. डार्विनने स्वतः मूळ इंग्रजी शब्द व्यापक, रूपकात्मक अर्थाने घेतला होता आणि वाळवंटाच्या कडेला तग धरणाऱ्या रोपट्यालाही तो लावला होता. 'सहजीवन'ही टाळावे, कारण जीवशास्त्रात तो दगडफुलातील बुरशी आणि शैवाल यांच्यासारख्या निकट भागीदारीसाठी राखीव आहे. 'सहअस्तित्व' चालेल.

मूळ विचारणाऱ्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता वाक्य असे केले आहे : 'उसात जन्मलेली बिबट्याची पिल्ले लहानपणापासूनच माणसांच्या वावराला सरावतात, परंतु सहज मिळणाऱ्या कुत्र्यांना आणि शेळ्यांना ती सोकावली, की वस्तीजवळ त्यांचे येणे वाढते.'

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

वाक्य उत्तम झाले आहे, फक्त 'सहज मिळणाऱ्या' काढून 'मोकाट कुत्र्यांना आणि उघड्यावर बांधलेल्या शेळ्यांना' असे करावे. 'मिळणाऱ्या' म्हटले की शेळी जणू आपोआप तेथे आलेली वाटते. 'बांधलेल्या' म्हटले की ती कोणी बांधली हेही वाक्यात येते.