मेनाईच्या आधी सहा वर्षं

इंजिनियर टेल्फर्डनं वेल्समध्ये बांधलेल्या मेनाई पुलाला पहिला मोठा झुलता रस्तापूल म्हणतात. पूल भारीच, पण तो 1826चा. त्याआधी 26 जुलै 1820 रोजी ट्वीड नदीवर युनियन पूल खुला झाला होता. अर्धा इंग्लंडात, अर्धा स्कॉटलंडात, लांबी जवळपास 137 मीटर. त्यावरून बैलगाड्या नव्हे, आजही मोटारी जातात!

बांधणारा सॅम्युएल ब्राउन मूळचा आरमारातला कॅप्टन. जहाजाच्या नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळदंड लावायचा त्याचा धंदा, तेच डोकं त्यानं इथे चालवलं. पण साखळी म्हणजे पोहऱ्याला असते तशी गोल कड्यांची नाही. सुमारे पंधरा फुटी सळ्या, दोन्ही टोकांना भोक आणि त्यात खिळा, बस्स. दगडी पुलापेक्षा खर्च बराच कमी आला आणि नदीत खांब रोवायची कटकटही वाचली.

उद्घाटनाला ब्राउन स्वतः बग्गी हाकत पलीकडे गेला, मागोमाग लादलेल्या गाड्या. मग शेकडो बघे एकदम पुलावर घुसले. खरी चाचणी ती! दोनच वर्षांपूर्वी त्याच नदीवरचा ड्रायबर्गचा साखळी-पूल वाऱ्यानं पाडला होता, तेव्हा त्या गर्दीच्या हिमतीची कमाल वाटते.

1903च्या सुमारास वरून तारांचे दोर जोडले. अलीकडे सगळा पूल उतरवून दुरुस्त केला आणि 2023 मध्ये पुन्हा उघडला.