रात्री दोनचा भोंगा

बी-४०३ काकू: आज सुप्रभात म्हणणार नाही. रात्री दोन ते पावणेतीन ३०४ मधलं ते गॅसच्या अलार्मचं यंत्र बोंबलत होतं. ह्यांचं बीपी वाढलं. घरवाले कुठे आहेत?

सेक्रेटरी: काकू, नोंद घेतली आहे.

बी-४०३ काकू: मागच्या वेळीपण नोंदच घेतली होती.

बी-३०४: सगळ्यांची माफी मागतो. आम्ही बाहेरगावी आहोत, फोन सायलेंटवर होता. अडीचला बघितलं. लगेच ॲपवरून एक्झॉस्ट फॅन सुरू केला, लाइट लावून कॅमेऱ्यात पाहिलं. काहीच नव्हतं. खोटा अलार्म.

ए-२०१ काका: म्हणूनच मी म्हणत होतो. माझा व्हिडिओ पुन्हा टाकतो. गॅस सुटला की नॉब आपोआप बंद. घरी बनवलंय. [व्हिडिओ]

बी-६०२: ३०४ दादा, एक मिनिट. अलार्म गॅसचा आणि तुम्ही फॅन लावलात?

बी-३०४: मग? गॅस बाहेर जायला नको?

बी-६०२: अहो, ॲपवरून चालणाऱ्या स्मार्ट प्लगमध्ये रिले, म्हणजे आपोआप जुळणारा स्विच असतो. तो टक् करून जुळताना ठिणगी पडू शकते. तुमचं बोट शेकडो किलोमीटर लांब असलं तरी ठिणगी स्वयंपाकघरातच पडणार. वास आला की बटण लावायचं नाही, लागलेलं बंदही करायचं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. ॲपमधलं बटण मात्र कुणाला बटण वाटत नाही.

सी-१०४: आणि ३०४ ची बेल वीस वेळा कोण वाजवत होतं?

बी-४०३ काकू: मी. नुसती ऐकत बसू?

बी-६०२: काकू, बेल पण नको. तीही विजेवरच. दार हाताने ठोकायचं.

बी-४०३ काकू: म्हणजे चूक आता माझी. छान. दारही ठोकलं. त्याला ना कडी ना कोयंडा, नुसती कोडच्या कुलपाची काळी काच. तिला हात लावला तर तीही बोंबलायला लागली.

सी-१०४: जुगलबंदी 😂

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून लिहावे.

बी-३०४: पण अलार्म खोटाच होता. कंपनीकडे तक्रार करतोय. खोक्यावर 'पेटंट पेंडिंग' छापलंय आणि दर्जा हा असा.

डी-५०१ वकीलबाई: 'पेटंट पेंडिंग' म्हणजे अर्ज टाकलाय, बास. उद्या पेटंट मिळालं तरी कचेरीने कल्पना नवी आहे का, सहज सुचण्यासारखी तर नाही ना, असलंच बघितलेलं असतं, भोंगा नीट वाजतो का ते नाही. सुरक्षिततेची चाचणी वेगळी, तिचं प्रमाणपत्र वेगळं. खोक्यावर ते शोधा.

सेक्रेटरी: मॅडम, आलाच आहात तर गच्चीच्या गळतीच्या नोटिशीचा मसुदा...

डी-५०१ वकीलबाई: साहेब, मी पेटंट आणि ट्रेडमार्क बघते. गळतीबद्दल हे चौथ्यांदा सांगतेय.

बी-६०२: ३०४, सेन्सर कुठे लावलाय?

बी-३०४: ओट्याखाली. जमिनीपासून वीतभर वर.

बी-६०२: जागा बरोबर आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, त्याचा सेन्सर छताजवळ लागतो.

सी-१०४: आमचा सिलिंडर आहे आणि सेन्सर छताला. बसवणारा म्हणाला वर छान दिसतो.

बी-६०२: आजच खाली घ्या. आणि मागे छापलेली मुदतही बघा, हे सेन्सर जन्मभर चालत नाहीत.

ए-२०१ काका: माझ्या यंत्राला वर-खाली काही भानगड नाही. [व्हिडिओ]

बी-४०३ काकू: भाऊ, आठवड्याभरात सहाव्यांदा आला हा.

सेक्रेटरी: एक सूचना. सगळ्यांनी एकाच कंपनीची सिस्टीम घेतली तर? एकच ॲप, एकच माणूस येऊन बघेल.

बी-६०२: नको. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने निकाल दिला की गूगलने सोनोस या स्पीकर कंपनीची पाच पेटंटं मोडली. लगेच अपडेट आलं आणि लोकांच्या घरातल्या गूगलच्या सगळ्या स्पीकरचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय गेली. पैसे भरून घेतलेल्या वस्तूतून!

डी-५०१ वकीलबाई: त्या दोघांचं भांडण पुढेही बरंच चाललं. आमच्या धंद्याला बरं, तुमच्या घराला नाही. घेणार असाल तर एवढंच विचारा: इंटरनेट गेलं, ॲप बंद पडलं, कंपनी कोर्टात हरली, तरी भोंगा वाजेल का? स्पीकर मुका झाला तर कुणी मरत नाही.

बी-४०३ काकू: ३०४ चा झाला तरी चालेल मुका.

बी-३०४: काकू, सॉरी म्हटलं ना. हा घ्या कॅमेऱ्यातला फोटो. बघा, आहे काही? [फोटो]

बी-४०३ काकू: सेन्सरला चिकटून तो पांढरा डबा कसला?

बी-३०४: ऑटोमॅटिक फ्रेशनर. सेलवर चालतो, आपला आपण फवारतो. घर बंद राहणार, कोंदट वास नको म्हणून जाताना पंधरा मिनिटांवर लावला.

बी-६०२: आणि खिडक्या?

बी-३०४: बंद. स्वयंपाकघराचं दारही.

बी-६०२: झालं. फवारा बाहेर ढकलायला अशा डब्यांत बऱ्याचदा प्रोपेन-ब्यूटेनच भरतात. सिलिंडरमधलेच भाऊबंद. दर पंधरा मिनिटांनी तुम्हीच सेन्सरच्या तोंडावर गॅस मारताय. तो खोटं कुठे बोलला?

बी-४०३ काकू: बघा. यंत्र शहाणं निघालं.

बी-६०२: तरी गळती नाहीच असं घरबसल्या ठरवू नका. रेग्युलेटर बंद आहे ना?

बी-३०४: जाताना बंद केलाय. अकराला मेव्हणा येतोय, तो बघेल.

बी-४०३ काकू: अकरापर्यंत किती पंधरा मिनिटं होतात? मला कोड द्या, मी जाते. बटणाला हात न लावता खिडक्या उघडते आणि डबा उचलते. वास आला तर आल्या पावली मागे फिरून गॅसवाल्यांना फोन.

बी-३०४: बरं काकू. ७४२०९१, मग हिरवी खूण.

बी-६०२: दादा, ग्रुपवर?!

(हा मेसेज डिलीट केला आहे.)

सी-१०४: उशीर झाला. ७४२०९१ 😂

बी-३०४: बदलतोय. काकू, नवीन कोड फोन करून सांगतो.

डी-५०१ वकीलबाई: २०१ काका, तुमचंही हेच झालंय. आता विचारते: व्हिडिओत डबा बंद आहे की उघडून दाखवलाय?

ए-२०१ काका: उघडून. स्प्रिंग कशी बसते, खाच कुठे मारली, सगळं क्लोजअपमध्ये. का?

डी-५०१ वकीलबाई: परवा जिन्यात तुम्हीच म्हणालात ना, पेटंट घ्यायचंय म्हणून? पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. दीडशे जणांच्या ग्रुपवर, कुणाकडून गुप्ततेचा शब्द न घेता आतली रचना दाखवली, तर ती नवी राहिली नाही असं समोरचा म्हणू शकतो. आपणच उघड केलेल्या गोष्टीला अमेरिका वर्षभर सवलत देते, युरोपात ती जवळजवळ नाहीच. आधी अर्ज, मग व्हिडिओ. कोड बदलता येतो, हे नाही.

ए-२०१ काका: पण आपली घरचीच माणसं आहेत.

डी-५०१ वकीलबाई: हे वाक्य मला ऑफिसात रोज ऐकू येतं.

(हा मेसेज डिलीट केला आहे.)

(हा मेसेज डिलीट केला आहे.)

ए-२०१ काका: दोन काढले. जुने डिलीट होत नाहीयेत. सर्वांना विनंती, व्हिडिओ पुढे पाठवू नये. मॅडम, संध्याकाळी येऊ का?

डी-५०१ वकीलबाई: या. पहिला व्हिडिओ कोणत्या तारखेला टाकला ते लिहून आणा. आणि फी असते, काका.

बी-४०३ काकू: डबा उचलला, खिडक्या उघडल्या, वास नाही. ३०४, तुमच्या फ्रीजवरचं दिवे-बिवे लावण्याचं ते दुसरं यंत्र मला विचारतंय, काय मदत करू.

सेक्रेटरी: काकूंचे आभार. गच्चीच्या गळतीचा विषय रविवारी.

सी-१०४: २०१ काका, रागावू नका. परवा तुमचा व्हिडिओ माझ्या भावाला पाठवला होता. तो व्हॉल्व्हच्या कारखान्यात आहे. साहेबांना फार आवडला म्हणे.