पंपाच्या खोलीची भिंत

रविवार, सकाळी ६:४८

ए-१०१ काकू: पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पहाटे पहाटे कोण बॉल मारायलंय? साडेपाचलाच सुरू होतंय. ह्यांना रात्रभर झोप नसते, पहाटे कुठं डोळा लागतो तर धप्प धप्प सुरू. सेक्रेटरींनी बघावं.

सी-३०४: काकू, मीच मारायलोय. माफ करा. भिंत कंपाउंडच्या बाजूला आहे, आवाज तुमच्यापर्यंत जात नसेल असं वाटलं. पावसानं टेनिसचं मुरमाचं कोर्ट आठ दिवस झाले बंद आहे, म्हणून इथं मारत होतो. उद्यापासून बंद करतो.

ए-१०१ काकू: बंद करा म्हणलं नाही मी. वेळ बघा एवढंच.

सी-३०४: नाही काकू, तसंही सोडायचंच चाललंय डोक्यात. ४३ वय झालं. दिवाळीत टेनिस सुरू केलं, आठ महिने झाले. पहिले दोन-तीन महिने भराभर आलं. नंतर गाडी अडकली ती अडकलीच. सरांनी ग्रिप बदलायला लावली आणि जे येत होतं तेही गेलं. कोर्ट बंद व्हायच्या आधीच्या रविवारी चौदा वर्षांच्या पोरानं ६-०, ६-० हरवलं. घरी येऊन कुणाला सांगितलंसुद्धा नाही. आपल्या वयाला हा खेळ होत नसेल तर तसं मान्य केलेलं बरं.

बी-२०२ ताई: भाऊ, सोडू नका. मोठं लिहिणार आहे, ग्रुपवरच्या बाकीच्यांनी समजून घ्या.

बी-२०२ ताई: मी ४४ व्या वर्षी सुरू केलं, आता ४९ चालू आहे. तुमची गाडी जिथं अडकली तिथंच माझी अडकली होती, आणि कारणही हेच होतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे भराभर येतं ते शून्यावरून येतं. बॉल रॅकेटला लागला, नेटच्या वरून गेला, एवढ्यावर आपण खूश असतो, आणि ते खरंच कमावलेलं असतं. पण ते आपण आपल्या जुन्या हातानं केलेलं असतं. सुरुवातीला सगळे रॅकेट उलथन्यासारखी धरतात, पोळी उलटायला धरतो तशी. त्यानं बॉल पलीकडं जातो, फक्त त्याच्यापुढं खेळ वाढत नाही. सर्व्हिससाठी रॅकेट कुऱ्हाडीसारखी धरावी लागते. कडा बॉलकडं, लाकूड फोडायला निघाल्यासारखी, आणि अगदी शेवटच्या क्षणी हाताचं कोपरापासून खालचं सगळं बाहेरच्या बाजूला वळतं तेव्हा रॅकेटची जाळी बॉलला सपाट भेटते. सांगायला एक वाक्य आहे. माझ्या हाताला ते कळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत प्रत्येक सर्व्हिस डावीकडच्या कुंपणाच्या जाळीवर जायची. एका गेममध्ये चार डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकल्या की पॉइंट जातो तो) देऊन समोरच्याला गेम देऊन टाकलेला आहे मी.

सी-३०४: हेच चाललंय ताई माझं. एकदम हेच.

बी-२०२ ताई: मग ग्रिप बरोबर बदलतेय असं समजा. जुनी सवय मोडली आहे, नवी अजून बसली नाही. मधला काळ वाईटच असतो. त्या काळात खेळ मागं गेलेला दिसतो, आणि नेमकं तेव्हाच माणसं सोडतात. माझ्याबरोबर सुरू केलेले सहा जण होते. चार जण ह्याच टप्प्यावर गेले.

डी-४०१ काका: बोपण्णाचं बघा की! जानेवारी २०२४, ४३ वर्षांचा गडी, ऑस्ट्रेलियन ओपन डबल्स जिंकला आणि डबल्समध्ये जगात एक नंबर झाला. तुमच्याच वयाचा!

बी-२०२ ताई: काका, बोपण्णाबद्दल मला फार आदर आहे, पण हे उदाहरण इथं देऊ नये असं मनापासून वाटतं. तो लहानपणापासून खेळत आलेला. त्याच्या हाताला जे येतं ते पोरवयात बसलेलं आहे. आपण चाळिशीत अआइई गिरवतोय. त्याच्याकडं बघून आपण स्वतःला उगाच कमी समजतो. एक मात्र त्याच्याकडून घेण्यासारखं आहे. गुडघे पार झिजले होते, तेव्हा अय्यंगार योग धरून त्यानं ते सांभाळले. शरीर सांभाळलं तर वेळ मिळतो, आणि आपल्याला वेळच पाहिजे.

बी-२०२ ताई: आता खरी गोष्ट सांगते. आपण लातूरची माणसं. आपल्या गावाचं अर्धं जगणं क्लासच्या टेस्ट सिरीजवर चालतं. पोराच्या बारावीला दर रविवारचे मार्क मी वहीत लिहायचे, मागच्यापेक्षा किती वाढले ते बघायचे. टेनिसलाही तशीच वही केली. तारीख, कुणाशी खेळले, जिंकले का हरले. वर्षभर लिहिली. त्या वहीनं माझं एक वर्ष खाल्लं. कसं ते सांगते. मॅच जिंकायची म्हटली की ३०-४० ला, म्हणजे एक पॉइंट गेला की गेम गेला अशा वेळी, हात आपोआप जुन्या उलथन्यावर जातो, कारण तिथं बॉल नक्की आत पडतो. म्हणजे सोमवार ते शनिवार सर जे बसवायचे ते मी रविवारी स्वतःच्या हातानं उपटून टाकत होते. पोरांच्या परीक्षेत असं होत नाही. पेपर लिहिल्यानं येत असलेलं गणित विसरत नाही. इथं विसरतं.

बी-३०१: म्हणजे मॅच खेळायचीच नाही?

बी-२०२ ताई: खेळायची, पण वहीत जिंकले-हरले लिहायचं नाही. मी वही बदलली. आमच्या कोर्टवर एक मार्कर आहेत, साठीच्या पुढचे, तीस-एक वर्षं लोकांना बॉल देतायत. त्यांनी सांगितलं, "मॅडम, क्रॉस मारत राहा आणि मोजा." फोरहँड ते फोरहँड, तिरका, न चुकता किती जातात ते मोजायचं. पहिल्या दिवशी ६ गेले. तोच आकडा लिहिला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात २२ ला पोचले. त्याच वर्षात मॅचेस बऱ्याच हरले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

डी-४०१ काका: तिरकाच का, ते सांगा त्यांना. बरीच जण सरळ रेषेत मारायला जातात.

बी-२०२ ताई: काका, तुम्हीच सांगा. तुमच्याइतका हिशेब मला येत नाही.

डी-४०१ काका: सोपं आहे. कोर्ट ७८ फूट लांब, सिंगल्सचं रुंद २७ फूट. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर काढलं तर साडेब्याऐंशी फूट भरतं. म्हणजे साडेचार फूट जागा जास्त. आणि नेट खांबाशी साडेतीन फूट, मध्ये तीनच फूट. तिरका बॉल मधल्या, बुटक्या भागावरून जातो. खाली नेट बुटकं, पुढं जागा जास्त. शिकणाऱ्यानं आणखी काय मागावं? ६६ वय आहे माझं, अजून डबल्समध्ये ह्याच्यावरच तग धरून आहे.

डी-४०१ काका: आणि कोर्ट बंद असलं की वैतागू नका. २०१६ आठवतंय ना? मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा. प्यायला पाणी नाही, तर कोर्टवर कोण मारणार. मुरूम रोज पाणी मारून, रोलर फिरवून दाबला नाही तर वर नुसती भुकटी होते. टप्पा कुठं पडेल आणि कुठं उडेल सांगता येत नाही. आम्ही चार-पाच जण रोज संध्याकाळी जायचो आणि बॉलशिवाय नुसती रॅकेट फिरवायचो. पाय उचलायचे, खांदा वळवायचा, स्विंग पूर्ण करायचा. लोक थांबून बघायचे. पाऊस झाला, कोर्ट सुरू झालं, तेव्हा माझा बॅकहँड आधीपेक्षा चांगला होता. आजही मला त्याचं आश्चर्य वाटतं.

सी-३०४: काका, हे माहीत नव्हतं.

बी-२०२ ताई: काकांचं बरोबर आहे. बॉल रॅकेटच्या जाळीला चिकटतो तो सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चार-पाच भाग. तेवढ्या वेळात आपण काहीच करू शकत नाही. जे करायचं ते बॉल यायच्या आधीच झालेलं पाहिजे. मला हे सरांनी एका शब्दात शिकवलं. ते माझ्या मागं उभे राहायचे आणि समोरच्याच्या रॅकेटवरून बॉल निघाला की म्हणायचे, "वळा." बॉल नेटवर यायच्या आधी खांदे वळलेले पाहिजेत. दोन आठवडे मी स्वतःच तोंडानं म्हणत होते, वळा, वळा. नंतर बंद केलं तरी खांदे वळायला लागले. भाऊ, ज्या दिवशी एखादी गोष्ट तोंडानं म्हणावी लागत नाही, त्या दिवशी ती आली.

ए-३०३ डॉक्टर ताई: एक विचारू का? कोपराला दुखतंय का तुम्हाला? बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकावर?

सी-३०४: थोडं. बादली उचलताना कळतं.

ए-३०३ डॉक्टर ताई: मग आठवडाभर मारू नका आणि एकदा दाखवून घ्या. नाव टेनिस एल्बो असलं तरी आमच्याकडं फिजिओला येणाऱ्यांत टेनिस खेळणारे थोडेच. कपडे पिळणाऱ्या बायका, सुतार, गवंडी हेच जास्त. मनगट मागं ओढणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथं चिकटतात तिथली कंडरा ताणून ताणून खराब होते. लवकर धरलं तर व्यायामानं बरं होतं.

बी-२०२ ताई: हे अंगावर काढू नका भाऊ. मी काढलं. दुसऱ्या वर्षी एका दुकानदारानं प्रोफेशनल लोक वापरतात म्हणून रॅकेटला पॉलिएस्टरची कडक तार बसवून दिली, ५८ पाउंडांनी ताणून. मला काय कळतं तेव्हा? पाच-सहा आठवड्यांत कुकरचं झाकण फिरवता येईना. पोळी लाटताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे. डॉक्टर ताईंनीच मला व्यायाम दिला. किलोभराचं डंबेल हातात घेऊन, मनगट वर न्यायचं ते दुसऱ्या हाताच्या आधारानं, आणि खाली सोडायचं ते एकट्या दुखऱ्या हातानं, अगदी सावकाश. रोज. साडेचार महिने कोर्टवर पाय ठेवला नाही. त्यानंतर मऊ तार लावली, ५० वर ताणून, पुन्हा त्रास नाही. अन् भिंतीवर नेहमीचा पिवळा बॉल मारणं कोपराला आणखी वाईट, कारण भिंत वेळच देत नाही. बॉल दुप्पट लवकर परत येतो, आपण घाईत नुसत्या मनगटानं ओढतो.

बी-२०२ ताई: त्याच्यावर उपाय आहे. केशरी बॉल. मुलांसाठी म्हणून विकतात ते. लाल, केशरी आणि हिरव्या ठिपक्याचा असे तीन असतात. लाल नेहमीच्या बॉलपेक्षा ७५ टक्के मंद, केशरी ५० टक्के, हिरवा २५. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत तर २०१२ पासून नियमानंच मंद बॉल लागतो. मोठ्या माणसांना तो हातात घ्यायला लाज वाटते, आणि त्या लाजेपायी चाळिशीतला माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यात वेगवान बॉलशी झगडतो. मला हे फार चुकीचं वाटतं. कुणी तरी सुरुवातीलाच मला केशरी बॉल दिला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं. केशरी बॉल मऊ असतो, भिंतीवर आवाजही कमी येईल. काकूंचा प्रश्नही त्यातच सुटेल.

सेक्रेटरी: भिंत वापरायला सोसायटीची हरकत नाही. सकाळी ७ ते ८, संध्याकाळी ५ ते ७. पंपाच्या दारावर बॉल लागू देऊ नका, कुलूप तुटलंय आधीच. नेटच्या उंचीची रेघ ओढायची असेल तर चुन्यानं ओढा, ऑइल पेंट नको.

सी-३०४: हो सर. तीन फुटांवर ओढतो.

बी-२०२ ताई: रेघेच्या दीड-दोन फूट वर मारा. नेटला घासून जाणारा बॉल बघायला चांगला दिसतो, पण शिकणाऱ्याचा दहातला सहा वेळा नेटमध्येच जातो. आणि दोन टप्पे पडू द्या. भिंतीशी भांडायचं नाही.

बी-३०१: माझ्या मुलीलाही पाठवू का? नऊ वर्षांची आहे.

बी-२०२ ताई: पाठवा की. भाऊंच्या शेजारी मारेल. ती त्यांच्यापेक्षा लवकर शिकेल हे आधीच सांगून ठेवते, भाऊ. मुलं बघून उचलतात, आपल्याला समजून उचलावं लागतं. पण समजून उचललेलं तुम्ही पुढं तिला शब्दांत सांगू शकाल.

सकाळी ९:२०

ए-१०१ काकू: हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी एक सांगायला सांगितलंय, तसंच लिहिते. रोज पडल्या पडल्या ते मोजायचे म्हणे, मला आजच कळालं. मागच्या रविवारी आवाज थांबेपर्यंत सलग ११ झाले होते. बुधवारी १९. आज ३१.

सी-३०४: काका मोजत होते?

ए-१०१ काकू: दुसरं काय करणार. झोप कुठं येती त्यांना.

सी-३०४: मी एकदाही मोजलं नाही हो काकू.

बी-२०२ ताई: भाऊ, वहीत लिहून ठेवा. तारखेसकट.

सी-३०४: लिहितो. काका उद्या सातला जागे असतील ना?

ए-१०१ काकू: खिडकीत खुर्ची ठेवायला सांगायलेत.

ए-३०३ डॉक्टर ताई: उद्या नाही! आठवडाभर विश्रांती म्हणलंय मी. आधी कोपर दाखवा.

सी-३०४: हो हो. पुढच्या रविवारपासून.

बी-२०२ ताई: केशरी बॉलची पिशवी वॉचमनकडं ठेवते. सहा आहेत, एकाला कुत्र्याचे दात लागलेत, तो बाजूला काढा.