उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती: वंचित समाजातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा हव्यात की नकोत? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. दरवर्षी नोव्हेंबर आला की बीएस्सीच्या वर्गांवर जाऊन सांगतो, विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचे अर्ज भरा. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन अकादम्या मिळून ही योजना चालवतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन. टीआयएफआर, आयुका अशा संशोधनसंस्थांचेही स्वतःचे उन्हाळी कार्यक्रम आहेत. वर्गात साठ मुलं असतात, अर्ज भरतात चार-पाच. आजवर आमच्याकडून प्रत्यक्ष गेलेली मुलं मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

मागच्या वर्षी धडगावकडच्या एका पाड्यावरच्या पावरा मुलीची एका मोठ्या संस्थेत निवड झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही. पत्र आलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आम्ही. खालच्या अटी नंतर नीट वाचल्या. रुजू व्हायचं १५ मेला. विद्यावेतन अहवाल दिल्यानंतर एकरकमी. वसतिगृहाची अनामत आणि मेसचे पैसे मात्र आधी. लॅपटॉप स्वतःचा. पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून जमवले, लॅपटॉप एका सहकाऱ्याने दिला. तिचे आईवडील उन्हाळ्यात गुजरातेत कामाला जातात, धाकट्या दोघांना तीच सांभाळते. मावशी येऊन राहायला तयार झाली, तेही जमलं. आणि विद्यापीठाची परीक्षा लांबली. तिचा शेवटचा पेपर ४ जूनला आला. संस्थेला मेल केले, फोन केले. 'तारीख सर्वांना एकच' एवढं उत्तर मिळालं. ती गेली नाही. आता ती नंदुरबारला एका कपड्याच्या दुकानात हिशेब लिहिते.

माझं म्हणणं असं आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांतल्या पदवीच्या मुलांसाठी या कार्यक्रमांमध्ये ठरावीक जागा राखून ठेवा. पैसे आधी द्या. त्या दोन महिन्यांत घरची जी मजुरी बुडते तीही विद्यावेतनात धरा. ज्या घराला रिकामा उन्हाळा परवडतो त्याच घरातल्या मुलाला आज प्रयोगशाळा दिसते आहे.

गणिती

सर, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याच गोष्टीतून तुमची मागणी सिद्ध होत नाही. त्या मुलीची निवड झाली होती, तीही राखीव जागेशिवाय. अडलं कुठे? तारीख, अनामत, लॅपटॉप. या गोष्टी नाशिकच्या रिक्षावाल्याच्या मुलालाही अडवतात, मग तो कुठल्याही जातीचा असो. त्या दूर करा, माझा पूर्ण पाठिंबा आहे.

जागा राखून ठेवण्याला मात्र विरोध आहे. ही पदवी नाही आणि नोकरीही नाही. एक शास्त्रज्ञ आपला वेळ काढून एका मुलाला शिकवतो. कुणाला शिकवायचं हे त्याने त्या मुलाची तयारी आणि विषयाची ओढ पाहून ठरवावं. तिथे टक्केवारीचा तक्ता आणलात तर बरेच शास्त्रज्ञ मुलं घेणंच बंद करतील.

वैनगंगा

मी गडचिरोलीची, बौद्ध, सध्या पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. गणितींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली कायद्याची. केंद्रीय शिक्षणसंस्थांमधल्या प्रवेशाच्या आरक्षणाचा कायदा २००६ सालचा. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, इतर मागासांना २७. त्याच कायद्याच्या कलम ४ ने काही संस्थांना वगळलं आणि परिशिष्टात त्यांची यादी दिली. तीत टीआयएफआर आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिची घटक केंद्रं आहेत, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा आहे. म्हणजे विज्ञानाच्या वरच्या पायरीवरच्या या संस्थांवर प्रवेशाच्या आरक्षणाची या कायद्याने सक्तीच नाही. मग तिथे पोचायची जी खालची पायरी आहे, उन्हाळी काम, ती तरी आमच्यासाठी कुणी बांधणार की नाही?

दुसरी गोष्ट माझी. एमएस्सीच्या आधी एका संस्थेत सहा आठवडे होते. पहिल्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा शेजारच्याने आधी आडनाव विचारलं, मग जेईईची रँक, मग 'कॅटेगरी रँक की कॉमन?'. मी जेईई दिलीच नव्हती, आमच्या तालुक्यात तिचा क्लासच नव्हता. त्यानंतर गट ठरले आणि मी कुठल्याच गटात नव्हते. उपकरण कसं सुरू करायचं हे बाकीच्यांनी एकमेकांकडून शिकून घेतलं. मी रात्री एकटी थांबून माहितीपुस्तिका वाचून शिकले. माझी अनामत बाबांनी भरली होती, पैशांची अडचण तेव्हा नव्हती. तरी मी तिथे एकटीच होते. जातीचा संबंध नाही असं लिहिणं सोपं आहे, दादा.

कोरडवाहू

वैनगंगाताई, तुमचा अनुभव खोडायची माझी छाती नाही. माझी बाजूही ऐका. बीड जिल्ह्यातलं गाव, वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन, खुल्या प्रवर्गात जन्म. आमच्या गावातली अर्धी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांत सगळ्या जातींची माणसं आहेत. बारावीला मला ८१ टक्के पडले, तालुक्याच्या मानाने चांगले. विज्ञानाच्या पदवीसाठीची केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची, त्यातले २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच होते. पण ती मिळवायची तर मला बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात यायला हवं होतं. मी त्याच्या जवळपासही नव्हतो.

मला वाटतं निकष महाविद्यालयाचा धरावा. ज्या महाविद्यालयातून गेल्या दहा वर्षांत एकही मूल अशा कार्यक्रमाला गेलेलं नाही, तिथल्या मुलांना आधी संधी द्या. त्यात आदिवासी येतील, दलित येतील, माझ्यासारखेही येतील. आमच्या महाविद्यालयात द्रावणातून जाणारा प्रकाश मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, तीन वर्षांत त्यावरचं प्लास्टिक निघालं नाही. महाविद्यालयांना श्रेणी देणारी नॅकची समिती आली त्या दिवशी पुसला फक्त.

सूक्ष्मदर्शी

मी पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे, जीवरसायन हा विषय. ज्या टेबलाच्या त्या बाजूबद्दल तुम्ही बोलताय तिथे मी बसतो, म्हणून लिहितो.

जानेवारी ते मार्च मला उन्हाळी कामासाठी रोज मेल येतात. बहुतेक एकाच साच्यातले, कधी कधी वर दुसऱ्याच शास्त्रज्ञाचं नाव राहून गेलेलं. मी वर्षाला दोन मुलं घेतो. निवडतो कशी? खरं सांगायचं तर ज्या महाविद्यालयातून आधी चांगलं मूल आलं होतं तिथलं पुन्हा घेतो, किंवा ओळखीच्या प्राध्यापकाचं पत्र पाहून. जात मी कधी पाहिली नाही. पण हे लिहिताना दिसतंय, की या पद्धतीने माझ्याकडे पंधरा वर्षांत नंदुरबार किंवा गडचिरोलीहून कुणीच आलं नाही. ते मी नाकारत नाही.

तरीही राखीव जागांना माझा विरोध आहे. आठ आठवड्यांतले पहिले तीन पिपेट धरायला, बफर बनवायला आणि नोंदवही नीट लिहायला शिकवण्यात जातात. हे शिकवते माझी पीएचडीची विद्यार्थिनी, स्वतःचं काम बाजूला ठेवून. उरलेल्या पाच आठवड्यांत प्रयोग दोनदा फसतो, आणि तो का फसला हे कळायच्या आत मूल घरी जातं. तयारी कमी असलेल्या मुलाला यातून 'आपल्याला जमत नाही' एवढंच कळलं तर आपण त्याचं नुकसान केलं. त्यात 'कोट्यातून आला' हा शिक्का बसला तर दुप्पट.

त्याऐवजी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस कार्यक्रम बघा. २००४ पासून चालू आहे. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतली मुलं आधी शिबिराला येतात, त्यातून निवडलेली एक-दोन वर्षं सुट्टीसुट्टीला परत येऊन तोच प्रकल्प पुढे नेतात. प्रयोग फसायला आणि सावरायला तिथे वेळ असतो.

वैनगंगा

सर, शिक्क्याचा मुद्दा दरवेळी येतो. शिक्का राखीव जागेशिवायही बसतो, तो मला बसला. राखीव जागा असत्या तर निदान माझ्यासारख्या आणखी दोघीतिघी जेवणाच्या टेबलावर असत्या.

आणि तयारी कमी असलेलं मूल तुम्हाला अर्जावरून कळतं कसं? आमच्या विद्यापीठाचे साडेसात सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) आणि मुंबईच्या स्वायत्त महाविद्यालयाचे साडेनऊ एका रांगेत लावून?

अभ्यासिका

एक वेगळा विचार. दोन मुलं पुण्याला पाठवून अठ्ठावन्न मुलांचं काय होणार? तोच पैसा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला द्या. मी मराठवाड्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचं रसायनांचं वार्षिक अनुदान फेब्रुवारीत मिळतं आणि ३१ मार्चपूर्वी संपवायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात चार क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आली. माझ्या विद्यार्थिनी ती कुठे करतात? गावातल्या मेडिकल दुकानात, झेरॉक्सच्या दुकानात, आणि शिक्का मारून आणतात. तिथेच चांगलं संशोधन करता आलं तर कुणाला गाव सोडावं लागणार नाही. मुलींना तर घरून पाठवतच नाहीत.

तोरणमाळ

अभ्यासिकाताई, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे, एक सोडून. गाव सोडावं लागतं हे मला नुकसान वाटत नाही. माझी जी मोजकी मुलं जाऊन आली ती काय सांगतात? उपकरणाबद्दल थोडंच बोलतात. एक म्हणाला, 'सर, तिथले मोठे शास्त्रज्ञपण माहीत नाही म्हणतात.' आमच्या वर्गात माहीत नाही म्हटलं की उभं राहावं लागतं, सवयच तशी लागलेली. ज्या माणसाच्या नावाचा शोधनिबंध आहे तो मोकळेपणाने माहीत नाही म्हणतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. ते मी फळ्यावर लिहून नाही शिकवू शकत.

मेरीलँडकर

मूळची सांगलीची, दहा वर्षं इथे मेरीलँडमध्ये. आमच्या राज्यातल्या यूएमबीसी विद्यापीठात मायरहॉफ नावाची योजना आहे, १९८८ ची. फ्रीमन ह्राबोस्की यांनी उभी केली, पैसा रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दाम्पत्याचा. सुरुवातीला ती फक्त कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी होती, पुढे मुलीही आल्या. कृष्णवर्णीय मुलांनी विज्ञानात पीएचडीपर्यंत जावं हा हेतू. नव्वदच्या दशकात इथल्याच दुसऱ्या विद्यापीठाच्या वर्णाधारित शिष्यवृत्तीविरुद्ध न्यायालयाचा निकाल लागला आणि १९९६ पासून मायरहॉफ सर्व वर्णांना खुली झाली. योजना संपली नाही. विज्ञानातलं अल्पसंख्याकांचं प्रमाण वाढावं यात अर्जदाराला खरा रस आहे का, हे तेव्हापासून निवडीत पाहू लागले.

हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येईल हे मला कळतं. गणिती म्हणतील, बघा, वर्णाची अट काढूनही चाललं. मी म्हणेन, अट काढली तेव्हा आधीची आठ वर्षं रुजलेली होती, शिक्षक तयार झाले होते. पण तुमच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. ते मुलांना एकेकटं कुठेच पाठवत नाहीत. पदवी सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात पूर्ण तुकडी एकत्र राहते, एकत्र अभ्यास करते. नंतर ती मुलं संशोधनाला वेगवेगळ्या ठिकाणी गेली तरी मागे तुकडी असते. वैनगंगा रात्री एकटीच माहितीपुस्तिका वाचत बसली, ते वाचून मला हेच आठवलं.

गणिती

गटाने पाठवण्याची कल्पना पटली. सीजीपीएचा प्रश्नही बरोबर आहे, वेगवेगळ्या विद्यापीठांचे गुण एका रांगेत लावणं गणिताच्या दृष्टीनेही चूक आहे. विद्यापीठनिहाय वरचे काही विद्यार्थी घेतले तर मला चालेल. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातली पहिली दहा मुलं आणि मुंबई विद्यापीठातली पहिली दहा. जातीची अट तरीही नको. गडचिरोलीच्या पहिल्या दहांत कोण येतं ते येऊ दे.

वैनगंगा

येतं ते मी पाहिलंय. जिल्ह्याच्या ठिकाणी बदलून आलेल्या अधिकाऱ्यांची आणि प्राध्यापकांची मुलं. एटापल्ली-भामरागडची माडिया मुलं त्या दहांत शोधून दाखवा.

कोरडवाहू

हे मात्र खरं आहे. आमच्याकडेही तालुक्याच्या पहिल्या पाचांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं कुणी नसतं. महाविद्यालयाचा निकष पुरेसा नाही, हे मान्य करतो. उत्पन्न आणि जात दोन्ही धरावं लागेल. कसं ते मला अजून सुचत नाही.

सूक्ष्मदर्शी

तोरणमाळ सर, आरक्षणाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तारखेचा प्रश्न मला आजवर माहीत नव्हता. राज्यातल्या विद्यापीठांच्या परीक्षा जूनपर्यंत लांबतात, आणि आमचे कार्यक्रम आयआयटी-आयसरसारख्या केंद्रीय संस्थांच्या सुट्टीप्रमाणे मे महिन्यात सुरू होतात. निवड झाली तरी तुमची मुलं बाद होतात. माझ्या प्रयोगशाळेपुरतं मला ठरवता येतं. या वर्षी १० जूनपासून दोन मुली घेतो. विद्यावेतन प्रकल्पातून दरमहा देतो. पहिला महिना कागदपत्रांमुळे अडकला तर माझ्याकडून उचल देईन. डिसेंबरच्या सुट्टीत त्याच दोघींना परत बोलवीन. नावं तुम्ही सुचवा, टक्के कळवू नका.

वैनगंगा

सर, मनापासून आभार. दोघींना एकाच खोलीत राहता येईल एवढं बघा. पण ही दोन नावं तुम्हाला मिळतील ती तोरणमाळ सरांनी इथे लिहिलं म्हणून. भामरागडच्या महाविद्यालयातून इथे लिहिणारं कुणी नाही. तुम्ही निवृत्त झालात की नंदुरबारचीही वाट बंद होईल. तुमच्या संस्थेच्या परिपत्रकात जून आणि आगाऊ विद्यावेतन हे दोन शब्द आणि राखीव जागांचा आकडा आल्याशिवाय मी हा विषय सोडणार नाही.

सूक्ष्मदर्शी

पहिल्या दोन शब्दांसाठी मी संचालकांना पत्र लिहितो. आकड्यावर आपण भांडत राहू.

तोरणमाळ

सर, नावं रविवारपर्यंत कळवतो. एक विनंती आहे. निवडीचं पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवरच्या पत्राला उत्तर म्हणून पाठवा आणि त्यात राहण्याची सोय कुठे आहे, शेजारी कोण राहतं, घरी फोन किती वाजता करता येईल, हेही मराठीत लिहा. ते पत्र घेऊन मला दोन पाड्यांवर जायचं आहे, आणि तिथे ते मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.